बोट ठेवणारा

टोलीडोच्या हंगेरियन वस्तीतला ऑरिन कोवाच.
स्टेडियमचा भोंगा त्याला कोव्हॅक्स म्हणायचा,
त्यानं कधी दुरुस्त केलं नाही.
अकरा हंगाम त्यानं बॉलला लाथ मारली,
त्यातले सात हंगाम बॉल मी धरला.
धरला म्हणजे काय,
एक गुडघा गवतात
आणि बॉलच्या टोकावर एक बोट.
मी राखीव क्वार्टरबॅक. सात वर्षांत
माती लागली ती गुडघ्यालाच.

बॉल दोन पायांमधून मागे येतो, झेलायचा,
टेकवायचा, बोट ठेवायचं.
सव्वा सेकंद.
शिंक यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

धिप्पाड माणसं तासभर एकमेकांची हाडं मोजत,
हा कडेला, जाळीत लाथा मारत,
कोरडा, जर्सीची इस्त्री न मोडलेला.
कुणी त्याच्याशी बोलत नसे,
घरात सुतक असल्यासारखं.
आणि मग शेवटच्या चार सेकंदांत
सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत.

शंभरातल्या ब्याऐंशी आत.
उरलेल्या अठरा लोकांना तारीखवार पाठ.

नोकरी आठवड्याची.
मंगळवारी चाचणी: रिकाम्या खुर्च्यांसमोर
पाच किकर रांगेत, बूट आपापल्या पिशवीत,
एकमेकांच्या मुलांची चौकशी करत
मनातल्या मनात वारा मोजणारे.
टॅम्पानं घेतला, तिसऱ्या दिवशी सोडला.
मधल्या एका वर्षी त्यानं सासऱ्याबरोबर
लोकांच्या छपरांच्या पन्हळी साफ केल्या.
डीनानं त्याची बॅग कधी पूर्ण रिकामी केली नाही;
तळाशी दोन मोजे राहू द्यायची.

बुटाच्या टोकानं तो गवत खरवडायचा.
म्हणायचा, इथं.
तीन पावलं मागे, दोन डावीकडे,
मग मान खाली. मी कधी
लाथ मारताना त्याचा चेहरा पाहिला नाही.

बफेलो. जानेवारी. सरोवरावरून येणारा वारा
कपडे घातलेत की नाही ते विचारत नव्हता.
तेहतीस यार्ड, म्हणजे झोपेतसुद्धा.
माझी बोटं माझी राहिली नव्हती.
त्याच्या खुणेच्या चार बोटं पुढे
मी बॉल टेकवला.
टेकवतानाच मला कळलं.
उजव्या खांबावर टण्ण.
सत्तर हजार माणसांत तो आवाज
एकट्यानं ऐकू आला.

नंतर माइक, दिवे, त्याच्या कपाटापुढे गर्दी.
शेजारच्या बाकावर मी बुटाच्या नाड्या सोडत होतो,
सोडलेल्या पुन्हा बांधत होतो.
"माझं चुकलं," तो म्हणाला. "बॉल बरोबर होता."

बॉल बरोबर होता.
त्याचा मेलबॉक्स कुणीतरी बॅटनं मोडला,
मार्चमध्ये त्याला फोनवरून काढलं,
आणि अख्ख्या गावाने ज्याच्यावर बोट ठेवलं
त्यानं माझ्या बोटावर
कधीच बोट ठेवलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात गेलो.
शाळेच्या मैदानावर तो पोरांना शिकवतो,
केस गेलेत, डावा गुडघा नवा आहे.
पोरं घरी गेली होती.
म्हणाला, धर.

मी बसलो. माझाही गुडघा वाजला.
त्यानं गवत खरवडलं.
"ऑरिन, त्या दिवशी बफेलोत मी..."
"वारा डावीकडून आहे," तो म्हणाला,
तीन पावलं तोवर मागे गेला होता.

बॉल सुटल्यावर मी वर बघत नाही,
जुनी सवय. गवताकडेच बघत राहिलो.
खूण माझ्या बोटाखाली होती,
बरोबर बोटाखाली.